सण आणि बाजार: हाँगकाँगमधला फिलिपिनो रविवार



फिलिपिन्स म्हटलं की मराठी माणसाला चटकन आठवतो तो मॅगसेसे पुरस्कार. 1958 साली पहिल्याच वर्षी तो विनोबांना मिळाला, पुढच्या वर्षी चिंतामणराव देशमुखांना. पुढे बाबा आमटे, पांडुरंगशास्त्री आठवले, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. मनिलाहून सन्मान येत राहिले, आपण टाळ्या वाजवत राहिलो. पण त्या देशातली माणसं पोट कशी भरतात, हे आपण कधी विचारलं का? आज तेवढंच विचारू या. मात्र त्यासाठी मनिलाला जायची गरज नाही. मी तुम्हाला हाँगकाँगला नेणार आहे, आणि तेही रविवारी.

आजचा विषय आहे परदेशातल्या फिलिपिनो समाजाचे सांस्कृतिक कार्यक्रम आणि त्यांच्या व्यापारी बातम्या. तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल, ही कुठली जोडी? एक नाचगाण्याची गोष्ट, दुसरी पैशाअडक्याची. माझं म्हणणं असं आहे की परदेशात राबणाऱ्या माणसाच्या आयुष्यात या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. सण बाजाराच्या पैशावर उभा राहतो आणि बाजार सणाच्या भरवशावर चालतो. यात वाईट काहीच नाही. वाईट तेव्हा होतं, जेव्हा या दोघांचा संसार सुखाने चाललेला असतो आणि तक्रार बिचारी दाराबाहेर उभी असते. हे मी तीन टप्प्यांत सांगतो: आधी सण, मग बाजार, मग तक्रार.

पहिला टप्पा, सण. पण सण कुणाचा, हे आधी कळायला हवं.

हाँगकाँगमध्ये सुमारे दोन लाख फिलिपिनो बायका घरकाम करतात. पुरुष आहेत, पण अगदी थोडे. फिलिपिन्समध्ये 1974 साली राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या राजवटीत नवा कामगार कायदा झाला आणि माणसं परदेशी कामाला पाठवणं हे सरकारचं धोरणच बनलं. त्याच सुमाराला हाँगकाँगच्या मध्यमवर्गीय बायका कचेऱ्यांत आणि कारखान्यांत जाऊ लागल्या होत्या. त्यांच्या घरचा स्वयंपाक, मुलं, म्हातारी माणसं कोण सांभाळणार? फिलिपिनो बाई. तिला इंग्रजी येत होतं, पुष्कळदा ती पदवीधर असे, आणि गावाकडच्या शाळेत शिकवून मिळणाऱ्या पगारापेक्षा इथे भांडी घासून जास्त पैसे मिळत. शिक्षिका मोलकरीण झाली ती अशी. हिशेब सरळ होता. सुखाचा होता, असं मी म्हणत नाही.

आता या बाईभोवतीचे नियम बघा. तिने मालकाच्याच घरी राहिलं पाहिजे. करार तुटला तर साधारणपणे दोन आठवड्यांत देश सोडला पाहिजे. हा नियम 1987 पासूनचा. इतर परदेशी माणूस सात वर्षं राहिला की कायम वास्तव्याचा हक्क मागू शकतो. घरकामाची बाई वीस वर्षं राहिली तरी मागू शकत नाही. प्रकरण सर्वोच्च पातळीपर्यंत लढवलं गेलं, आणि 2013 साली तिथल्या अंतिम अपील न्यायालयाने नाही म्हणून सांगितलं. म्हणजे शहरात तिचं घर नाही, दार नाही, खोली असलीच तर मालकाच्या मर्जीची. कायद्याने हमखास मिळते ती एकच गोष्ट: सात दिवसांत एक दिवस सुटी. बहुतेकींची ती रविवारी असते.

मग रविवारी जायचं कुठे? हॉटेलात बसायला पैसे नाहीत, घरी थांबलं तर मालकीण हाक मारणार. या बायका शहराच्या अगदी मधोमध येतात. सेंट्रल नावाचा तो भाग, जिथे बँका आहेत आणि महागडी दुकानं आहेत. एचएसबीसी बँकेची 1985 साली उभी राहिलेली पोलादी इमारत आहे, तिचा तळमजला चारी बाजूंनी मोकळा. आठवडाभर तिथून कोटटाय घातलेली माणसं ये-जा करतात. रविवारी तिथे पुठ्ठे अंथरले जातात. खोकी उलगडून बुटक्या भिंती उभ्या राहतात, चपला बाहेर काढल्या जातात. एका पुठ्ठ्यावर इलोकोस प्रांताकडच्या, पलीकडे इलोइलोकडच्या. एकीचे केस कापणं चाललंय, दुसरीची नखं रंगवली जाताहेत, तिसरी फोनवर लेकराचा अभ्यास घेतेय. डब्यात भात आणि अडोबो, म्हणजे व्हिनेगर आणि सोयासॉसमध्ये मुरवून शिजवलेलं डुकराचं मांस किंवा कोंबडी. जवळच्या गार्डन रोडवरच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये एकामागून एक प्रार्थना होतात आणि प्रत्येक वेळी गर्दी रस्त्यापर्यंत येते.

आणि याच पुठ्ठ्यांवर सणांची तयारी होते. 12 जून हा फिलिपिन्सचा स्वातंत्र्यदिन, 1898 सालचा. त्या दिवशी जो झेंडा फडकला, तो शिवला गेला होता हाँगकाँगमध्येच. मार्सेला अगोन्सिल्यो नावाच्या बाईने, मुलीला आणि आणखी एकीला हाताशी घेऊन तो शिवला. म्हणजे या शहराशी फिलिपिनो बाईचं नातं झाडूपोछ्यापासून सुरू होत नाही, हे आपण लक्षात ठेवू या. आज हाँगकाँगमध्ये तो दिवस साजरा कधी होतो? 12 जून बुधवारी आला तर बुधवारी नाही. अलीकडचा किंवा पलीकडचा रविवार धरतात. मे महिन्यातली सांताक्रूझानची मिरवणूक, सौंदर्यस्पर्धा, नाताळचं समूहगायन, सगळं रविवारी. आपण तिथी पाहतो, त्या रजा पाहतात.

सौंदर्यस्पर्धा ऐकून कुणी हसू नये. 2016 साली बेबी रूथ व्हियारामा यांनी 'संडे ब्यूटी क्वीन' नावाचा माहितीपट काढला, आणि मनिलाच्या चित्रपट महोत्सवात भल्याभल्या कथापटांना मागे टाकून तो सर्वोत्कृष्ट ठरला. त्यात याच बायका आहेत. रविवारी डोक्यावर मुकुट, आणि रात्री ठरल्या वेळेच्या आत मालकाच्या दारात हजर. आठवडाभर जिला कुणी नावाने हाक मारत नाही, तिचं नाव एक दिवस ध्वनिक्षेपकावरून पुकारलं जातं. याची किंमत कशी करणार?

ही जागाही त्यांना कुणी आंदण दिलेली नव्हती. चेटर रोड हा तिथला मुख्य रस्ता 1982 पासून रविवारी वाहनांना बंद ठेवतात. 1992 च्या सुमाराला तिथल्या मालमत्ताधारकांनी आणि दुकानदारांनी म्हणायला सुरुवात केली, रस्ता पुन्हा उघडा, गर्दीमुळे धंदा बसतो. या बायकांना वाहनतळांत बसवावं, असाही तोडगा निघाला. विचार करा, माणसांना बसायला वाहनतळ आणि गाड्यांना फिरायला रस्ता! वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजूंनी पत्रांचा पाऊस पडला. शेवटी रस्ता बंदच राहिला. सण आणि बाजार समोरासमोर आले, आणि त्या फेरीत सण जिंकला.

पण ही झाली बाहेरच्या बाजाराची गोष्ट. त्यांचा स्वतःचाही एक बाजार आहे. हा माझा दुसरा टप्पा.

त्या बँकेपासून थोड्याच अंतरावर वर्ल्डवाइड हाऊस नावाची इमारत आहे. खालच्या मजल्यांवर गाळेच गाळे. पैसे पाठवायचे, फोनकार्डांचे, मनिलाच्या साबणाचे, सुक्या मासळीचे. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. गाळ्यांच्या काचेवर एक आकडा लिहिलेला असतो: आज एका हाँगकाँग डॉलरला किती पेसो. हीच तिथली सगळ्यात मोठी व्यापारी बातमी. आपल्याकडे शेअर बाजाराचा निर्देशांक पाहणारे जेवढ्या बारकाईने पाहत नसतील, तेवढ्या बारकाईने मोलकरीण हा आकडा पाहते.

का पाहते? हाँगकाँगचा डॉलर 1983 पासून अमेरिकन डॉलरला जखडलेला आहे, एकास सुमारे 7.80 या दराने. त्यामुळे अमेरिकन डॉलरपुढे पेसो घसरला की हाँगकाँगच्या बाईची मिळकत पेसोत वाढते. 2022 साल घ्या. वर्षाच्या सुरुवातीला एका अमेरिकन डॉलरला सुमारे 51 पेसो होते, ऑक्टोबरात 59 झाले. तोवरचा नीचांक. तेव्हा घरकामाच्या बाईचा किमान पगार महिन्याला 4,730 हाँगकाँग डॉलर होता. त्यातले 3,000 तिने घरी पाठवले, तर जानेवारीत साधारण साडेएकोणीस हजार पेसो पोचत, ऑक्टोबरात साडेबावीस हजार. हात न हलवता तीन हजारांची वाढ! देशाचं चलन पडलं म्हणून आनंद मानायचा, अशी ही विचित्र दिवाळी.

आनंद टिकला का? नाही. त्याच हिवाळ्यात फिलिपिन्समध्ये महागाई आठ टक्क्यांच्या वर गेली, आणि कांदा... हं, कांदा म्हणताच सभागृहात हालचाल झाली. आपल्याकडे कांद्याने सरकारं पाडली आहेत, तेव्हा तुम्हाला वेगळं सांगायला नको. डिसेंबर 2022 मध्ये मनिलाच्या मंडयांत लाल कांदा किलोला 700 पेसोंच्या घरात गेला. तेव्हा मनिला महानगरातलं दिवसाचं किमान वेतन होतं 570 पेसो. दिवसभर राबा आणि किलोभर कांदाही घेता येऊ नये! जानेवारीत मनिलाच्या विमानतळावर विमान कर्मचाऱ्यांच्या सामानातून कांदे जप्त झाले. आखातातून येताना त्यांनी ते आणले होते. म्हणजे पेसो घसरून हाँगकाँगच्या बाईला जे तीन हजार जास्त मिळाले, ते तिच्या आईने मंडईत घालवले. ही बातमी अर्थपानावरची की घरची? तुम्हीच सांगा.

या बाजाराचा दुसरा मोठा जिन्नस म्हणजे बालिकबायान खोकं. परदेशातून मायदेशी पाठवायचं पुठ्ठ्याचं भलंमोठं खोकं. बोटीने जातं, महिना-दोन महिन्यांत पोचतं, आणि भाडं साधारणपणे वजनावर नसतं, खोक्याच्या आकारावर असतं. त्यामुळे ते ठासून भरण्यात खरं कौशल्य. टॉवेलच्या घडीत चॉकलेटं, बुटांत मोजे, मोज्यांत साबणाच्या वड्या, डबाबंद मांस, टूथपेस्ट, शाम्पू. वर्षभर एकेक वस्तू सवलतीत घ्यायची, पलंगाखाली साठवायची, पलंग असेल तर! फिलिपिन्समध्ये नाताळची चाहूल सप्टेंबरपासून लागते, आणि खोकी त्याच सुमाराला निघायला लागतात, म्हणजे 16 डिसेंबरला पहाटेच्या नऊ प्रार्थना सुरू होण्याआधी घरी पोचावीत. सणाची तारीख आणि बोटीची तारीख एकाच हिशेबात बसतात. म्हणूनच 2015 साली सीमाशुल्क खात्याने ही खोकी उघडून तपासायचं ठरवलं, तेव्हा जगभरचे फिलिपिनो असे काही खवळले की राष्ट्राध्यक्षांना खोकी सरसकट उघडणं थांबवायला सांगावं लागलं. पुढच्या वर्षी नवा कायदा होऊन करमाफीची मर्यादा दीड लाख पेसोंपर्यंत वाढली. कर भरावा लागेल, हे झालं अर्थकारण. आईसाठी घडी घालून ठेवलेल्या टॉवेलात परक्या माणसाने हात घातला, हा झाला अपमान. राग दोन्हींचा होता.

कोकणातल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. गिरणीतल्या चाकरमान्याची मनीऑर्डर आणि गणपतीला गावी जाताना एस.टी.च्या टपावर चढवलेली ट्रंक, यांवर आपली किती गावं उभी राहिली! फरक एवढाच, की चाकरमानी निदान गणपतीला गावी पोचायचा. या बाईचं खोकं पोचतं, ती पोचतेच असं नाही.

मात्र सगळेच परदेशस्थ फिलिपिनो असे नाहीत, हेही नोंदवून ठेवतो. कॅलिफोर्नियातल्या डेली सिटीला जा. तिथे ते कायमचे स्थायिक आहेत, नागरिक आहेत, परिचारिका आणि घरमालक आहेत. मनिलाच्या जॉलीबी या खाद्यसाखळीने अमेरिकेतलं पहिलं दुकान 1998 साली डेली सिटीतच काढलं, ते उगीच नाही. त्यांच्या व्यापारी बातम्या म्हणजे घरकर्ज, परवान्याची परीक्षा, नवं दुकान. समाज एक, भाषा एक, पण मुक्काम बदलला की बातमी बदलते. हाँगकाँगच्या बाईला घरकर्जाची बातमी काय करायची?

करायचं असतं ना! तिथेच माझा तिसरा टप्पा सुरू होतो. तक्रारीचा.

रविवारच्या कार्यक्रमाचा मंडप उभा कोण करतं? पैसे पाठवणाऱ्या कंपन्या, फोनकंपन्या, कामाला लावणाऱ्या एजन्सी, आणि फिलिपिन्समधले बिल्डर. हो, बिल्डर. पुठ्ठ्यावर बसलेल्या मोलकरणीला मनिलाजवळच्या सदनिकेचं चित्र हप्त्यासकट दाखवलं जातं. व्यासपीठामागच्या फलकावर या सगळ्यांची नावं, आणि समाजाच्या वृत्तपत्रात जाहिराती त्यांच्याच. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्याविना ना मंडप, ना मुकुट, ना वृत्तपत्र. पण प्रश्न विचारायलाच हवा: ज्यांच्या पैशावर मंडप उभा, त्यांच्याविरुद्धची तक्रार मंडपात कोण वाचणार?

आणि तक्रार आहे. हाँगकाँगच्या कायद्याप्रमाणे एजन्सीला बाईकडून पहिल्या महिन्याच्या पगाराच्या फक्त दहा टक्के घेता येतात. फिलिपिन्सच्या 2006 च्या नियमांप्रमाणे घरकामाच्या बाईकडून नोकरी लावल्याची फी घ्यायचीच नाही. मग फी 'प्रशिक्षणा'च्या नावाखाली घेतली जाते. ती भरायला कर्ज, कर्ज फेडायला पहिल्या काही महिन्यांचा पगार, कधीकधी पासपोर्टसुद्धा सावकाराकडे. तक्रार करावी, तर करार तुटेल. करार तुटला, की दोन आठवडे.

मोठ्या शब्दांनी ही तक्रार झाकली जाते. 1988 साली राष्ट्राध्यक्षा कोरी अक्विनो हाँगकाँगला आल्या आणि याच बायकांना म्हणाल्या की तुम्ही देशाच्या नव्या वीरांगना आहात. हे बिरूद तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच. देशाला त्यांची गरज किती, तर 2023 साली परदेशातल्या फिलिपिनोंनी बँकांमार्फत 33 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मायदेशी पाठवली. वीरांगना म्हणणं सोपं. वीरांगनेला रजा, पावती आणि वकील देणं अवघड.

पण या बायकांनी नुसतं ऐकून घेतलं असं समजू नका. 1982 च्या डिसेंबरात मार्कोस यांनी फर्मान काढलं, क्रमांक 857. परदेशातल्या कामगाराने मिळकतीचा ठरावीक हिस्सा सरकारमान्य मार्गानेच घरी पाठवला पाहिजे. घरकामाच्या बाईने निम्मा. पावती दाखवली नाही तर पासपोर्टचं नूतनीकरण अडणार. पैसे त्या पाठवतच होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की आमच्या घामाचा पैसा कुठल्या दराने आणि कुणाच्या हातून पाठवायचा, हे आम्ही ठरवू. हाँगकाँगमधल्या गावोगावच्या मंडळांनी एकत्र येऊन विरोध केला. ही मंडळं कसली होती? सणाची, प्रार्थनेची, नाचाची. ज्या बायका एका ओळीत नाचायला शिकल्या होत्या, त्या एका ओळीत मोर्चात उभ्या राहिल्या. 1985 साली शिक्षेची कलमं मागे घ्यावी लागली. त्याच लढ्यातून युनिफिल ही त्यांची महासंघटना उभी राहिली.

पुढे 2003 साली हाँगकाँग सरकारने घरकामगारांचं किमान वेतन 400 डॉलरनी कापलं आणि मालकांवर तेवढ्याच 400 डॉलरचा कर बसवला. म्हणजे मालकाच्या खिशाला तोशीस नाही, बाईच्या पगारातून तिजोरी भरायची. पुन्हा रविवार, पुन्हा मोर्चे. पगार तेव्हा वाचला नाही, हे खरं. पण विरोधाची जागा, वेळ आणि माणसं तयार होती, कारण ती सणासाठी आधीच जमत होती.

आणि जिथे तक्रार ऐकायला कुणीच नसतं, तिथे काय होतं, याचंही उदाहरण त्यांच्यासमोर होतं. 17 मार्च 1995 रोजी सिंगापुरात फ्लोर कॉन्तेम्प्लासियोन या घरकामाच्या बाईला दोन खुनांच्या आरोपावरून फाशी दिली गेली. ती निर्दोष आहे असं असंख्य फिलिपिनोंना वाटत होतं, आणि आपल्या वकिलातीने तिच्यासाठी वेळेवर काही केलं नाही हा राग त्याहून मोठा होता. त्या संतापातून तीन महिन्यांच्या आत, 7 जूनला, परदेशस्थ कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कायदा चांगला झाला. पण तो एका फाशीनंतर झाला.

मित्रहो, आता समारोप करतो. मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, परदेशातल्या कष्टकऱ्याचा सण त्याच्या रजेवर आणि मोकळ्या जागेवर चालतो. रस्ता गेला तर सण गेला. दोन, त्याचा बाजार आणि त्याचं घर यांत भिंत नसते. चलनाचा दर, बोटीची तारीख आणि कांद्याचा भाव हीच त्याची संस्कृती-पुरवणी. तीन, सण आणि बाजार यांनी जमवलेल्या गर्दीतूनच तक्रार करणारी संघटना उभी राहते. पण मंडप बाजाराच्या पैशाचा असतो, म्हणून तक्रारीची जागा आग्रहाने राखावी लागते. ती आपोआप राहत नाही.

हे सगळं मराठी सभागृहात कशासाठी? आपलीही माणसं जगभर आहेत. जहाजांवर भारतीय आणि फिलिपिनो खलाशी एकत्र राबतात. रत्नागिरीची, रायगडची, गोव्याची पोरं त्यांत आहेत. आखातात मराठी अभियंते आहेत, तसे मराठी वाहनचालक आणि वेल्डरही आहेत. परदेशातल्या आपल्या मंडळांचे गणेशोत्सव थाटात होतात, स्मरणिका गुळगुळीत कागदावर निघतात. त्या स्मरणिकांत कोणाच्या बातम्या येतात? घरकर्जाच्या की थकलेल्या पगाराच्या? ज्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे, तो आपल्या आरतीला येऊ शकतो का, आणि आला तर त्याच्याशी आरतीनंतर कोण बोलतं?

उपाय मोठा नाही. कार्यक्रमाच्या मांडवात, प्रायोजकांच्या फलकाशेजारी, एक टेबल आणि कायदा कळणारा एक माणूस बसवा. स्मरणिकेत जाहिरातींइतकीच ठळक अशी दोन पानं फसवणुकीच्या बातम्यांना द्या, मग एखादा प्रायोजक रुसला तरी चालेल. सेंट्रलमधल्या पुठ्ठ्यावर बसलेल्या बायकांनी, हातात पैसा आणि पायाखाली स्वतःची जागा नसताना, एवढं करून दाखवलं आहे. आपल्याकडे दोन्ही आहे. मग कारण कुठलं सांगणार?